जुन्या रोड बाईकला रुंद टायर? आधी एलन की काढा, मग पैसे

राम राम मंडळी. आर्वीजवळच्या आमच्या गावातून बोलून राहिलो, मागं तूर दिसते ते आपलंच वावर, आणि ही समोर उभी माझी जुनी रोड बाईक. सेकंडहँड घेतली तेव्हा हिला 23 चे, म्हणजे 23 मिलिमीटर रुंद, टायर होते, आता 28 चे आहेत. पोरं विचारतात, भाऊ माझ्याही जुन्या सायकलला बसतील का? बसतील का ते दुकानात नाही कळत, तुमच्या फ्रेमच्या फटीत कळते, आणि ती फट एलन कीनं, म्हणजे बोल्ट फिरवायच्या षटकोनी चावीनं, मोजायची कशी तेच आज दाखवतो.

पण आधी रुंद टायर पाहिजेच काहून ते सांगतो. आमच्याकडं पावसाळा गेला की डांबर उखडून गिट्टी वर येते, 23 मध्ये 100-110 पीएसआय हवा भरून त्यावर दहा किलोमीटर चाललं की मनगटं बधीर होतात, आणि हवा कमी ठेवावी तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते आणि सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात. 28 मध्ये तेच वजन 70-80 मध्ये आरामात निघते. आणि रुंद टायर हळू पळते म्हणतात ना, तसं नाही भाऊ. दाब सारखा ठेवला तर जमिनीला टेकणारा भाग दोन्हीला जवळपास सारखाच असतो, फक्त 23 ला तो लांबट पडतो आणि 28 ला आखूड-रुंद, लांबट पडला की टायर जास्त दबतो आणि आपली ताकद त्या दबण्यात जाते. काट्याचं मात्र खोटं नाही सांगणार, सराटा आणि बाभळीचा काटा रुंद-अरुंद पाहत नाही, त्याला पंक्चर किट सोबत ठेवाच.

आता इकडं या, कॅमेरा जवळ घे रे. हे पाहा, मागच्या चाकाजवळ, पायडलकडून येणाऱ्या या खालच्या नळीच्या आतल्या बाजूला रंग गेलेला दिसतो? बोटाच्या पेराएवढा चट्टा, आत चांदीसारखं अल्युमिनियम. हे माझ्याच चुकीनं झालं. मी पहिले 32 आणला होता, हातानं चाक फिरवलं, मस्त फिरलं, खूश झालो, मग पुलावरचा चढ उभा राहून मारला तर खालून सर्र सर्र आवाज, मला वाटलं पालापाचोळा अडकला. घरी येऊन पाहतो तर टायरनं रंग खाल्ला होता. जोर लावला की चाक आणि फ्रेम दोन्ही थोडे वाकतात, आणि रिमला जरा आउट, म्हणजे वाकडेपणा, असला की तो त्यात भर घालतो, म्हणून हातानं फिरवून पास झालं असं कधी समजू नका.

मोजायचं असं. आधी चाकाचा आउट काढून घ्या, हवा पूर्ण भरा. 23 वरून 28 ला गेलं की टायर दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर फुगतो आणि उंचीला साधारण 5 वाढतो, आणि नंतरही चहूबाजूंनी 4 तरी मोकळे पाहिजेत. म्हणजे आजच्या 23 सोबत बाजूच्या फटीत 6 ची एलन की सैल गेली पाहिजे, आणि वर 8 ची जाऊनही थोडी जागा उरली पाहिजे. चार ठिकाणी पाहा: मागच्या खालच्या दोन नळ्यांमध्ये, मागच्या ब्रेकखाली, पुढच्या ब्रेकखाली, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या पोटात. चिमट्यात कंजुषी नकोच, पुढच्या टायरला चिकटलेली गिट्टी तिथं अडकली तर चाक जागच्या जागी जाम होते आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. आणि आपली काळी माती तर तुम्हाला माहीतच आहे, पाऊस पडला की चपलेला किलोभर चिकटते, 4 मिलिमीटर हे डांबरासाठी आहेत, पांदणीनं जायचं असेल तर ते काहीच नाहीत.

अडवतो बहुतेक वेळा ब्रेकच. या शॉर्ट रीच ब्रेकमध्ये बोल्टपासून ब्रेक रबरापर्यंत 39 ते 49 मिलिमीटर अंतर असते, त्यात 28 पुष्कळदा शेवटचा आकडा ठरतो. 47 ते 57 वाला मोठा ब्रेक घेऊन काम होईल असं वाटते, पण तुमची फ्रेमच छोट्या ब्रेकसाठी बनलेली असेल तर त्याचं रबर रिमच्या खाली आऱ्यांकडं जाते, म्हणून आधी अंतर मोजा.

ज्यांच्याकडं जुनी लोखंडी 27 इंची सायकल आहे त्यांचं नशीब चांगलं आहे. त्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास 630 मिलिमीटर, आजच्या रोड बाईकचा 622, चाकं बदलली की वर 4 मिलिमीटर जागा आयती मिळते, ब्रेक रबर तेवढेच खाली सरकवायचे. फक्त मागच्या हबची रुंदी जुळते का ते आधी पाहून घ्या.

टायर घेताना त्याच्या अंगावर 28-622 लिहिलंय का वाचा. तालुक्याच्या दुकानात नुसतं 28 चा द्या म्हटलं तर दुकानदार काळ्या दूधवाल्या सायकलचा 28 इंची काढून देतो, तो 635 आहे, आपल्या रिमवर बसतच नाही, आणि त्याची चूक नाही त्यात, तो त्याच्या हिशोबानं बरोबरच देतो. ट्यूब 25-32 ची घ्या.

बसवताना चाक हवा सोडूनच चिमट्यात घाला, फुगलेला 28 ब्रेकच्या रबरांमधून जात नाही. हवा आपल्या पंपानं भरा, गेज पाहून. आणि मे महिन्यात पहाटे 25 डिग्रीत 70 भरलेली हवा दुपारी 45 मध्ये 75-76 होते, सायकल उन्हात उभी ठेवणार असाल तर तेवढी कमीच भरा.

एक राहिलं, स्पीडोमीटरमध्ये चाकाचा घेर 2096 मिलिमीटर असेल तर तो 2136 करा, नाहीतर दर शंभर किलोमीटरमागं जवळपास दोन किलोमीटर कमी दाखवेल.