गुलाबी भिंती, थांबलेले शेजारी

(दृश्य : सांगली, विश्रामबाग. पावसाळी दुपार. टेबलाखाली यूपीएस, टेबलावर जुना मॉनिटर, कीबोर्डशेजारी भडंगाची वाटी.)

पडद्यावर 'द सिम्स २' हा कॉम्प्युटरवरचा घरसंसाराचा खेळ सुरू आहे. समोर एक स्वयंपाकघर आहे. त्यात एक बाई उभी राहून दोन्ही हात हलवतेय आणि तावातावानं काहीतरी बोलतेय. ही भाषा सिम्लिश. खास 'सिम' मालिकेतल्या खेळांसाठी रचलेली, शब्दांना अर्थ नसलेली बडबड. तरी तिचा त्रागा कळतो.

(आवाज, खोलीतून)
"आत्या, ही जेवतच नाहीये गं. सारखी ओरडतेय."
"फ्रिजच्या तोंडाशी खुर्ची कुणी ठेवली? काढ बघू आधी ती."

खुर्ची एक घर मागे सरकते. बाई फ्रिज उघडते.

'द सिम्स २' खेळताना नव्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : सिम, म्हणजे खेळातलं माणूस, सांगितलेलं ऐकत का नाही? उत्तर जमिनीवरच्या चौकोनांत असतं. फ्रिज, ओटा, कमोड, टीव्ही, प्रत्येक वस्तूला वापरायच्या बाजूनं एक चौकोन मोकळा लागतो. खुर्चीला मागं ओढून घ्यायला जागा लागते. आपल्या डोळ्यांना वाट दिसत असते, पण खेळ चौकोन मोजतो. एफ-टू दाबून खरेदीच्या मोडमध्ये जा. तिथं घड्याळ आपोआप थांबतं, सावकाश वस्तू हलवा, मग एफ-वन दाबून परत या.

खेळ जुना आहे. पहिला 'द सिम्स' ४ फेब्रुवारी २००० रोजी आला. मॅक्सिस या कंपनीतल्या विल राइट यांची ती कल्पना. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात त्यांचं स्वतःचं घर जळलं आणि संसार नव्यानं मांडावा लागला. घरात नक्की काय काय लागतं, या प्रश्नातून खेळाला आकार आला. दुसरा भाग सप्टेंबर २००४ चा. माणसं म्हातारी होणं, पिढ्या बदलणं हे सगळं या दुसऱ्या भागातलं, आणि आजही प्रश्न विचारले जातात ते मुख्यतः त्याचेच.

(दृश्य : कपाटातून निघालेली खेळाची पेटी. चार सीडी.)

सीडी सापडल्या, इन्स्टॉलही झाल्या, डेस्कटॉपवर हिरवा आयकॉन आला. डबल-क्लिक केलं तर काहीच होत नाही. किंवा सीडी आत असताना कॉम्प्युटर म्हणतो, सीडी घाला. सीडी खराब झाली असं वाटून लोक ती पुसत बसतात. सीडीचा दोष नसतो. नकला निघू नयेत म्हणून त्या काळच्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि ते उघडणारा ड्रायव्हर विंडोजच्या आत असायचा. त्या ड्रायव्हरमधून घुसखोरी होऊ शकते म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते त्याच्याशिवायच. त्याच वर्षी एका अपडेटनं विंडोज ७ आणि ८ वरही तो बंद झाला. कुलूप राहिलं, किल्ली गेली. हा ड्रायव्हर पुन्हा चालू करायच्या युक्त्या सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, ज्या भोकामुळे तो काढला तेच भोक परत उघडतं.

मग मार्ग दोन. घरात विंडोज एक्सपीचं जुनं मशीन असेल तर इंटरनेटची वायर काढून ते फक्त खेळासाठी ठेवा, सीडी तिथं चालते. नाहीतर ३१ जानेवारी २०२५ ला ईए या प्रकाशक कंपनीनं काढलेलं 'लेगसी कलेक्शन' स्टीम या ऑनलाइन दुकानातून किंवा ईए ॲपवरून घ्या. त्यात आठही एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ खेळाला जोडायचे पुढचे भाग, आहेत. आयकियाच्या फर्निचरचा छोटा पॅक तेवढा नाही, तो शोधत बसू नका.

सीडी पुसायचीच वेळ आली तर भडंगाच्या तेलकट बोटांनी तरी नको. मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. माहिती चकलीसारख्या एकाच लांब रेषेवर लिहिलेली असते. गोल ओरखडा त्या रेषेच्या सोबतीनं धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. सरळ ओरखडा अनेक वेढे थोडे थोडे कापतो, तेवढी चूक ड्राइव्ह भरून काढतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचं पाणी जिथं घरात शिरलं, तिथल्या सीडींवर गाळ वाळून बसलेला असतो. तो कोरडा खरवडू नका, आधी स्वच्छ पाण्यात सैल होऊ द्या. मग सीडी उजेडाकडे धरा. छापील बाजूचा चंदेरी थर उडून आरपार ठिपके दिसत असतील, तर ती सीडी गेली. माहिती त्या थरातच असते, खालच्या प्लॅस्टिकात नाही.

(दृश्य : खेळ सुरू. आळीतली घरं झगझगीत गुलाबी होतात.)

हा दुसरा मोठा प्रश्न. अर्धा-पाऊण तास छान चालतं, मग एखादी भिंत गुलाबी होते, नंतर केस, नंतर सगळं अंगण, आणि खेळ बंद पडतो. व्हायरस नाही, ग्राफिक्स कार्ड जळालेलंही नाही. उलट कार्ड फार नवीन आहे. खेळाकडे २००४ च्या आसपासच्या कार्डांची यादी आहे. आजचं कार्ड त्या यादीत सापडत नाही, म्हणून तो त्याची मेमरी ३२ एमबी धरतो आणि पडद्याचा आकारही ८०० बाय ६०० च्या पुढं जाऊ देत नाही. तुम्ही कितीही हजार रुपयांचं कार्ड घातलेलं असो. भिंतींची चित्रं ठेवायला जागा उरली नाही की खेळ त्या जागी गुलाबी रंग भरतो.

खात्री करायची असेल तर डॉक्युमेंट्समध्ये ईए गेम्स, त्यात सिम्स २, त्यात लॉग्ज हे फोल्डर उघडा. कॉन्फिग-लॉग नावाच्या फाइलमध्ये टेक्स्चर मेमरीची ओळ आहे. तिथं ३२ दिसलं की निदान झालं. उपाय ग्राफिक्स रूल्स या फाइलमध्ये. स्पेलिंग आणि पत्ता पडद्यावर आहे. आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग नोटपॅडमध्ये उघडून टेक्स्चर मेमरीपुढचा ३२ हा आकडा बदलून २०४८ करा. इथं हमखास चूक होते ती अशी : प्रत्येक एक्स्पान्शन पॅकच्या फोल्डरमध्ये या फाइलची स्वतंत्र प्रत असते आणि खेळ वाचतो ती सर्वांत शेवटच्या पॅकची. मूळ खेळातली बदलून "काहीच फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ. हाताने नको असेल तर ग्राफिक्स रूल्स मेकर नावाचं फुकट साधन हेच काम करतं.

याच्या जोडीला रॅमचा प्रश्न. सोळा जीबी रॅम टाकून खेळ सुधारत नाही, कारण तो बत्तीस-बिटचा आहे आणि मुळात दोन जीबीच वापरू शकतो. 'फोर जीबी पॅच' त्याच्या मुख्य फाइलमधली एक खूण बदलतो, की चौसष्ट-बिट विंडोजवर ही मर्यादा चारवर जाते. गुलाबी रंग बराचसा इथंच थांबतो. सिमच्या पायाखाली काळा चौकोन दिसत असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन सावल्या बंद करा, विषय मिटला. लेगसी कलेक्शन घेतलेल्यांनी यातलं काही करण्याआधी ते अपडेट करून घ्यावं.

(दृश्य : सिमचं घर. सकाळ. दाराशी गाडीचा हॉर्न.)

आता प्रत्यक्ष खेळ. "माझ्या सिमला आंघोळीला वेळच मिळत नाही." साध्या वेगात सिमचा एक तास म्हणजे आपलं एक मिनिट, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. कामाची गाडी ड्युटीच्या तासभर आधी दारात येते. नऊची ड्युटी असेल तर आठला हॉर्न. तोवर भूक, लघवी, स्वच्छता हे तिन्ही पट्टे हिरवे व्हायला हवेत, म्हणून सहाला उठवा. एकामागून एक क्लिक करून कामांची रांग लावून ठेवता येते : आधी संडास, मग शॉवर, मग नाश्ता.

नव्या कुटुंबाला २०,००० सिमोलियन (हे खेळातलं चलन) मिळतात आणि बहुतेक जण ते भिंतींवर घालवतात. मोठा हॉल बांधून होतो, मग पलंगाला पैसे उरत नाहीत, स्वस्तातला घ्यावा लागतो. स्वस्त पलंगावर झोप हळू भरते, म्हणून सिम जास्त तास झोपतो, म्हणून सकाळी धावपळ, म्हणून मूड खराब, म्हणून बढती अडते. या खेळात महाग वस्तू म्हणजे वाचलेले तास. एक खोली, एक बाथरूम आणि ती पलंगाला लागूनच. आमच्या मते पहिला खर्च पलंगावर, दुसरा शॉवरवर. टीव्ही नंतर.

स्वयंपाक न शिकलेल्या सिमला शेगडीवर चढवू नका. पुस्तकांचं कपाट घ्या, स्वयंपाकाचे एक-दोन गुण मिळेपर्यंत वाचायला लावा, तोवर थंड जेवण. शेगडीच्या खोलीत धुराचा अलार्म लावा, तो अग्निशमन दलाला आपोआप बोलावतो. अलार्म नसेल तर फोन करावा लागतो, आणि आग लागली की घरातले सगळे ती बघायला तिच्याच भोवती गोळा होतात. (आपल्याकडेही यापेक्षा वेगळं होत नाही म्हणा.) अशा वेळी 'पी' दाबून खेळ थांबवा, एकाला विझवायला सांगा, बाकीच्यांना अंगणात पाठवा.

बिलं मंगळवारी आणि गुरुवारी येतात. पत्रपेटीतून काढून घरात ठेवली म्हणजे भरली नव्हेत. त्या कागदांवर क्लिक करून 'भरा' म्हणावं लागतं. नाहीतर एक दिवस जप्तीवाला येतो आणि सामान ओढून नेतो. पैसे कमी पडले तर कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबा, वर चीट, म्हणजे खेळाला द्यायचे गुप्त हुकूम, लिहायची एक पट्टी उघडेल. काचिंग लिहिलं की १,००० मिळतात, मदरलोड लिहिलं की ५०,०००. दोन वेळा मदरलोड केलं की नोकरीला जायचं कारण उरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

(दृश्य : वही. रेघा मारून केलेला तक्ता, घरांची नावं, दिवसांचे आकडे.)

"माझी मुलगी कॉलेजला गेली, तिची शाळेतली मैत्रीण अजून लहानच कशी?" हा खेळातला बिघाड नाही, रचनाच तशी आहे. 'सिम्स २' मध्ये फक्त तुम्ही खेळत असलेल्या घराचं घड्याळ चालतं. बाकीची आळी तुम्ही सोडून गेलात त्या दिवशी थिजलेली असते. बाळपण ३ दिवस, रांगतं वय ४, लहानपण ८, किशोरवय १५, प्रौढ वय २९. एकाच घरात रमलात तर पंधरा दिवसांत मैत्रिणींमध्ये पिढीचं अंतर पडतं. म्हणून जुने खेळाडू वही ठेवतात. प्रत्येक घर पाच-पाच दिवस खेळायचं, तक्त्यात खूण करायची, पुढच्या घरी जायचं. सीझन्स हा पॅक असेल तर पाच दिवस फारच सोयीचे, कारण त्यात एक ऋतू पाच दिवसांचा असतो आणि ऋतूही घरागणिक वेगळा चालतो. एखादं घर पुढं निघून गेलंच, तर 'एजिंग ऑफ' ही चीट लावून मागच्यांना येऊ द्या.

(दृश्य : दिवे मिणमिणतात. यूपीएसची टीं टीं.)

"सेव्ह कर, सेव्ह कर आधी!"

या खेळात आपोआप सेव्ह होत नाही. जुनी फाइल ठेवून नवी बनवायचीही सोय नाही. एका नेबरहूडचा, म्हणजे अख्ख्या आळीचा, एकच सेव्ह. म्हणून दर रविवारी डॉक्युमेंट्समधलं नेबरहूड्स हे अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि तारीख घालून ठेवा. एन-शून्य-शून्य-एक म्हणजे प्लेझंटव्ह्यू, दोन म्हणजे स्ट्रेंजटाउन, तीन म्हणजे व्हेरोनाव्हिल.

ही प्रत खरी कामी येते ती नेबरहूड 'सडल्यावर'. प्रत्येक सिमची एक स्वतंत्र फाइल असते आणि इतर सिमच्या आठवणी, नाती त्या फाइलकडे बोट दाखवतात. सिम मेला तरी फाइल राहते, राहायलाच हवी. कुणी चीट वापरून थडगं डिलीट करतं, कुणी नको असलेलं कुटुंब यादीतून पुसतं, कुणी माणसांसकट घर उचलून दुसरीकडे टाकतं. सात-बाऱ्यावरचं नाव खोडलं, पण जुन्या फेरफारांत ते जागोजागी राहिलंच, तसली गत होते. लगेच काही दिसत नाही. महिन्याभरानं कुणाच्या तरी आठवणीत भलताच चेहरा उगवतो, मग खेळ मधेच बंद पडू लागतो. थडगी नको असतील तर कबरस्तानाचा वेगळा लॉट (जागा) बांधून तिकडे हलवा. कुणाशी एकदा ओळख झालेला सिम डिलीट करू नका.

इंटरनेटवरून उतरवलेल्या साड्या, फर्निचर, केस यांमुळे घोळ झाला असेल तर डाउनलोड्स फोल्डर रिकामं करून खेळ चालवा. नीट चालला, तर निम्म्या फाइली परत ठेवा. बिघडला, तर दोषी त्या निम्म्यात आहे. पुन्हा त्यांचे निम्मे करा. हजार फाइलींतली एक दहा-अकरा फेऱ्यांत सापडते.

(दृश्य : प्लेझंटव्ह्यू. गॉथ कुटुंबाचं घर, भिंतीवर तसबीर.)

राहिला प्रश्न बेला गॉथचा. प्लेझंटव्ह्यूत मॉर्टिमर गॉथची बायको बेला बेपत्ता आहे, आणि स्ट्रेंजटाउनमध्ये त्याच नावाची, त्याच चेहऱ्याची बाई रस्त्यानं फिरताना दिसते. तिला घरी आणता येईल का? नाही. दोन्ही नेबरहूड म्हणजे दोन वेगळी फोल्डर, एकातला सिम दुसऱ्यात जात नाही. स्ट्रेंजटाउनमधली बेला ही वेगळी फाइल आहे. तिला जेवायला बोलवा, मैत्री करा, घरात राहायला घ्या. तिचा वंशवृक्ष उघडलात तर नवरा मॉर्टिमर नाही, मुलगी कॅसँड्रा नाही, मुलगा अलेक्झांडर नाही.