प्लाथींना कुणी विचारलं?

श्रोतेहो, नमस्कार.

केरळच्या दक्षिण टोकाला अगस्त्य डोंगररांग आहे. 1987 साली तिथं वनस्पतिशास्त्रज्ञांचं एक पथक हिंडत होतं. वाट दाखवायला काणी आदिवासींतले काही तरुण बरोबर होते. चढणीवर पाहुण्यांची दमछाक झाली, पण हे तरुण कसलीशी रानफळं खात ताजेतवाने चालत होते. हे काय खाता, असं विचारल्यावर ते आधी बोलेनात. ही विद्या बाहेरच्यांना सांगायची नसते. पुष्कळ विनवण्या झाल्या, आम्ही गैरवापर करणार नाही असा शब्द मिळाला, तेव्हा कुठे त्यांनी ती वनस्पती दाखवली. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा.

केरळातल्याच पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेनं त्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं. 1995 च्या सुमारास ते बनवण्याचा हक्क कोइम्बतूरच्या एका औषध कंपनीला 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेऊन दिला. यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. त्यासाठी 1997 मध्ये न्यासही स्थापन झाला. जगभर या वाटणीचं कौतुक झालं, आणि त्या काळात एवढं तरी कोण देत होतं, हेही खरंच आहे.

पण काणींमध्ये औषधविद्या सांभाळणारे जाणते असतात, त्यांना प्लाथी म्हणतात. ही विद्या त्यांच्याकडे परंपरेनं आलेली. ती हातची गेली, तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्यापैकी काहींनी 1995 मध्ये थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आमचं ज्ञान विकू नका, असं कळवलं. माझ्या मते हा विश्वासघात आहे. हेतू चांगला होता म्हणून तो पुसला जात नाही. वाटा देणं ही पुढची गोष्ट. आधी विचारायला हवं होतं.

आता 2018 सालाकडे या. जानेवारीत काणी समाजातल्याच वैद्य लक्ष्मीकुट्टी यांना पद्मश्री जाहीर झाली. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या परंपरागत वैद्यांची याचिका फेटाळली. पात्रता आणि नोंदणी नसेल तर उपचार करता येणार नाहीत, असा तो निकाल. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे न्यायालयाची काळजी मला पटते. गावोगाव इंजेक्शनं टोचत फिरणाऱ्या भोंदूंवर कारवाई व्हायलाच हवी. पण ज्याच्या मुळीवर परवानाधारक कंपनी औषध विकते, त्यानंच ती मुळी दिली तर तो गुन्हेगार ठरावा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार आपल्या ग्रामपंचायतींत लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. झाडपाल्याचं ज्ञान त्यांत लिहिलं जातं. तुमच्या गावाची नोंदवही पंचायतीत जाऊन जरूर बघा. गावातल्या वैदूंचं, सुईणींचं ज्ञान त्यात आलं असेल, तर ते त्यांना विचारून लिहिलं का, हे ती नोंदवही करणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारा. पुढची नोंद करताना त्यांना बैठकीत बसवा. एखादी गोष्ट लिहू नका, असं ते म्हणाले, तर ती लिहू नका.