ज्या पार्कला रस्ताच नाही

नमस्कार मंडळी, आज आपण अलास्काला जाऊ या. पण क्रूझवाल्यांच्या अलास्काला नाही हं, जिथे हिमनदीचा कडा समुद्रात कोसळतो आणि डेकवर सगळे एकदम मोबाईल वर करतात. त्याच्या खूप वर, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे ब्रूक्स रेंज म्हणून डोंगररांग आहे, आणि त्या रांगेत गेट्स ऑफ द आर्क्टिक नावाचं नॅशनल पार्क आहे. पार्क म्हटलं की आपल्या डोक्यात तिकीटखिडकी, जीप सफारी, वडापावची गाडी, निदान एक पाटी तरी येतेच ना? तर इथे यातलं काही नाही. पार्कात जाणारा रस्ता नाही, आत पायवाट नाही, कॅम्पसाईट नाही, पूल नाही, मोबाईलची रेंज नाही, आणि हे बजेट कमी पडलं म्हणून नाही बरं का, ठरवून ठेवलंय असं.

केवढं आहे विचाराल तर पार्क आणि त्याला जोडलेलं प्रिझर्व, म्हणजे राखीव क्षेत्र, मिळून साधारण 34 हजार चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हा, राज्यातला सगळ्यात मोठा, तसले दोन शेजारी शेजारी ठेवा म्हणजे अंदाज येईल. आणि वर्षाला तिथे जाणारी माणसं जेमतेम दहा-अकरा हजार, त्यातलीही बरीच विमानातून उतरून थोडा वेळ थांबून परत जाणारी. पाठीवर सॅक घेऊन आत आत चालणारे त्याहून खूप कमी.

आता हे असं का ठेवलं? 1929 साली बॉब मार्शल नावाचा एक तरुण वनतज्ज्ञ न्यूयॉर्ककडून इकडे आला, कारण नकाशावर हा भाग जवळपास कोरा होता आणि त्याला कोऱ्या जागांचं वेडच होतं. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याने वर जाताना दोन डोंगर लागतात, एकीकडे फ्रिजिड क्रॅग्स, दुसरीकडे बोरियल माउंटन, मधून नदी, आणि त्यालाच त्याने आर्क्टिकचे दरवाजे म्हटलं. नंतर तो वाईजमन नावाच्या सोनं शोधणाऱ्यांच्या वस्तीत वर्षभर राहिला, परत परत आला, 1935 मध्ये जंगलं जशीच्या तशी राहावीत म्हणून वाइल्डरनेस सोसायटी स्थापन करणाऱ्यांत होता, आणि 1939 मध्ये अवघ्या 38 व्या वर्षी गेला. पार्क व्हायला मात्र त्यानंतर 40 वर्षं लागली. 1978 मध्ये अध्यक्ष कार्टरनी आधी संरक्षण दिलं आणि 2 डिसेंबर 1980 ला अलास्काच्या मोठ्या जमीन कायद्यात हे नॅशनल पार्क झालं.

बरं, जायचं कसं. फेअरबँक्सपर्यंत मोठं विमान, तिथून छोट्या विमानाने बेटल्स नावाचं चिमुकलं गाव, जिथे पार्कचं रेंजर स्टेशन आहे, आणि तिथून अजून एक विमान, ज्याला चाकांच्या जागी होडीसारखे फ्लोट असतात, ते तुम्हाला एखाद्या तळ्यावर उतरवतं आणि निघून जातं. आम्ही गेलो तेव्हा अलात्ना नदीकाठच्या सर्कल लेकवर उतरलो होतो, अ‍ॅरिगेच शिखरांकडे जाणारे बहुतेक तिथूनच जातात. आधी तुमची सॅक वजनकाट्यावर, मग तुम्ही स्वतः वजनकाट्यावर, सगळ्यांसमोर! पायलटला लाजबिज काही नसते, त्याला फक्त एकूण किती किलो ते हवं असतं. आणि खर्चाचा खरा आकडा या विमानाचाच असतो, कारण पार्कला प्रवेश फी शून्य, परमिटही लागत नाही. रेंजर स्टेशनवर एक ओरिएंटेशन घेतात, ते सक्तीचं नाही पण घ्याच, तिथे नदीला पाणी किती आहे, अस्वलं कुठे दिसली हे कळतं.

आता चालण्याबद्दल बोलते, कारण इथेच आपल्या सह्याद्रीतल्या लोकांचा हिशेब चुकतो. आपण म्हणतो दिवसाला वीस किलोमीटर सहज जाऊ. तिथे दिवसात दहा किलोमीटर झाले तर रेंजरसुद्धा चांगलं झालं म्हणतात. कारण टसॉक. म्हणजे गवताचे गुडघाभर उंचीचे ठोंब, वर झुपका आणि खाली बारीक मान, पाय वर ठेवला तर ठोंब डोलतो आणि घोटा मुरगळतो, दोन ठोंबांच्या मध्ये ठेवला तर पाय पाण्यात. हे पाणी कुठून येतं, पाऊस तर फार नसतो? तर खाली जमीन कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट, त्यामुळे वरचं पाणी मुरायला जागाच नाही, ते तिथेच साचून राहतं. म्हणजे पाऊस थोडा आणि चिखल भरपूर. त्यातून सुटलात की विलोची झुडपं, डोक्याच्या वर, त्यातून सॅक ओढत जायचं आणि पुढे दोन हातांवर काय आहे दिसत नाही म्हणून सतत मोठ्याने बोलत राहायचं, कारण अस्वलाला आपली चाहूल आधी लागलेली बरी. आम्ही तर तिथे भोंडल्याची गाणी म्हटली, दुसरं काही इतकं लांबलचक पाठ नव्हतं.

मध्येच कॅरिबूंच्या वाटा लागतात, कॅरिबू म्हणजे तिकडचं रेनडिअर, त्यांच्या वाटा छान असतात, डोंगराच्या कडेने मस्त चालवत नेतात आणि मग कुठेतरी अचानक विरून जातात, कारण त्यांना जिकडे जायचं असतं तिकडे आपल्याला जायचं नसतं.

आणि एक गंमत सांगते. आपल्याकडे ट्रेक लीडर ओरडत असतो ना, एका लायनीत चला, लाईन सोडू नका? तिथे बरोब्बर उलटं सांगतात. टंड्रावर, म्हणजे तिथल्या उघड्या माळरानावर, पसरून चाला, एकामागून एक जाऊ नका. कारण तिथे झाडंझुडपं इतकी हळू वाढतात की दहा माणसं एका जागेवरून गेली की तिथे वाट पडायला लागते, आणि पडलेली वाट मग वर्षानुवर्षं बुजत नाही. म्हणूनच चालणाऱ्यांचा ग्रुपही सातच्या वर नको असं सांगतात. दगडावर दगड रचून खुणा करायच्या नाहीत, बाण रंगवणं तर विसराच. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती जागा तितकीच कोरी मिळाली पाहिजे. मला हे पटायला थोडा वेळ लागला, खरं सांगते, आपल्या मनात असतं की मागून येणाऱ्याची सोय करून ठेवावी. इथे सोय न करणं हाच शिष्टाचार.

नद्या तुडवायच्या त्या बूट घालूनच. जिथे नदी फाटे फुटून पसरलेली असेल तिथे ओलांडा, एकाच धारेत वाहतेय तिथे नको, आणि पाण्यात पाय टाकायच्या आधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. पावसाने पाणी चढलं तर मुकाट्याने तंबू लावून बसायचं, उतरेपर्यंत. तंबू शक्यतो नदीकाठच्या वाळूगोट्यांच्या पट्ट्यावर, तिथे वारा असतो आणि वारा असला की डास कमी. डास! जून-जुलैमध्ये डोक्यावर जाळी नसेल तर माणूस वेडा होईल, आणि मी हे अजिबात वाढवून सांगत नाहीये. ऑगस्टच्या मध्यानंतर डास ओसरतात, टंड्रा लाल-केशरी होतो, ब्लूबेरी पिकतात, रात्र परत व्हायला लागते, पण मग बर्फही पडू शकतो. तसा तो कुठल्याही महिन्यात पडू शकतो. जूनच्या आसपास तर काही आठवडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या, नाहीतर रात्री दोन वाजता चहा टाकाल.

खाण्याचं आपल्या लोकांसाठी वेगळं सांगायला हवं. सगळं खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवावं लागतं, तो डबा रेंजर स्टेशनवर फुकट वापरायला मिळतो. टूथपेस्टसुद्धा त्यातच. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर लांब. आता तुम्ही लसूण-हिंगाची फोडणी घातलीत तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा, ग्रिझलीचं नाक आपल्या शेजारणीपेक्षा तिखट असतं. आम्ही फोडणीचं नाव काढलं नाही. उपम्याचं प्रीमिक्स, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की, सुका खाऊ, गरम पाणी ओतलं की झालं. गॅसचा कॅनिस्टर आणि अस्वलाचा स्प्रे मोठ्या विमानातून नेता येत नाही, दोन्ही तिथे पोचल्यावरच घ्यायचं.

आणि जेवण मोजून नेऊ नका, चार दिवसांचं जास्तीचं न्या, कारण ठरलेल्या दिवशी विमान येईलच असं नाही. ढग खाली आले, धुकं धरलं की पायलट येत नाही, त्याने येऊही नये. आम्हीही तळ्याकाठी असे अडकलो होतो. सॅटेलाईट मेसेंजरवर त्याचा निरोप यायचा, आज नाही. मग परत उद्या, आज नाही. आमच्यातल्या एकाची मुंबईत मीटिंग होती, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण आता एक महत्त्वाचं. हे सगळं ऐकून वाटेल की ही निर्मनुष्य जागा आहे. मार्शललाही थोडं तसंच वाटलं असावं. तसं नाहीये. पार्कच्या आत, डोंगरांच्या खिंडीत अनाक्टुवुक पास नावाचं चारेकशे वस्तीचं गाव आहे, नुनामिउत लोकांचं, म्हणजे समुद्रापासून लांब, डोंगरात राहणारे इन्युपियाट, उत्तर अलास्काचे मूळ रहिवासी. त्यांचे पूर्वज हजारो वर्षं या दऱ्यांमधून कॅरिबूंच्या मागे फिरले, हे लोक एका जागी वस्ती करून राहिले ते 1950 च्या आसपास. पार्कच्या कायद्यातही स्थानिकांचा पोटासाठी शिकार करायचा हक्क राखलाय. त्या गावात सायमन पानिआक म्युझियम आहे, कॅरिबूच्या कातड्याचे मुखवटे बनवणारे लोक आहेत, आणि आठ चाकांच्या आर्गो गाड्या टंड्रावर खडखडत जातात. कोरा नकाशा फक्त बाहेरून येणाऱ्यांचा होता.

त्यांची मुख्य काळजी कॅरिबूंची. वेस्टर्न आर्क्टिक नावाचा कळप 2003 मध्ये 4 लाख 90 हजारांच्या घरात होता, 2023 मध्ये तो दीड लाखावर आलाय. कारणं एक नाही, अनेक सांगतात. दुसरीकडे गोठलेली जमीन विरघळतेय, आतली गंधकयुक्त खनिजं हवा-पाण्याच्या संपर्कात येतात, आम्ल तयार होतं, लोह आणि इतर धातू बाहेर पडतात, आणि काचेसारखे स्वच्छ ओढे चक्क केशरी होतात. ब्रूक्स रेंजमधले 75 च्या आसपास ओढे असे झाल्याचं शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडलं. तिथे खाणबिण काही नाही, तरीही.

आणि खाण येणारही असेल. पश्चिमेला अँब्लर भागात तांबं, जस्त आहे, तिथपर्यंत 340 किलोमीटरचा रस्ता काढायचा घाट आहे, जो प्रिझर्वच्या दक्षिण भागातून जाईल. मजा म्हणजे 1980 च्या त्याच कायद्यात या रस्त्याला वाट ठेवलेली आहे. 2024 मध्ये सरकारने नाही म्हटलं, 2025 मध्ये ट्रम्प सरकारने ते फिरवलं. गावागावांत मतं दुभंगली आहेत, कुणाला नोकऱ्या हव्यात, कुणाला कॅरिबू. मी बाहेरची, माझं मत विचाराल तर रस्ता नको, पण हिवाळ्यात ज्याला दुधाचा डबासुद्धा विमानाने मागवावा लागतो त्याला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

ज्यांना पाठीवर पंधरा-वीस किलो नकोत त्यांनी निराश होऊ नका. फेअरबँक्सहून अनाक्टुवुक पासला नियमित विमान जातं, सकाळी जाऊन म्युझियम बघून परत येता येतं. नाहीतर डाल्टन हायवे, 1974 मध्ये तेलाच्या पाईपलाईनसाठी बांधलेला, बराचसा कच्चा. त्याने फेअरबँक्सहून चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर कोल्डफुट लागतं, उन्हाळ्यात तिथे व्हिजिटर सेंटर उघडं असतं, आणि पार्कची हद्द काही ठिकाणी रस्त्यापासून फक्त आठेक किलोमीटर आहे. फक्त भाड्याची गाडी घेताना आधी विचारा, बऱ्याच कंपन्या या रस्त्यावर गाडी न्यायला देत नाहीत, आणि स्टेपनी एक नाही, दोन घ्या.