मुलाचं दुखणं आणि परस्पर लागलेला निकाल

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत नर्सचं काम करणाऱ्या आम्ही कुणीही भेटलो की एक तक्रार हमखास निघते. मूल आमच्या खोलीच्या दारात येतं, तेव्हा त्याच्या दुखण्याचा निकाल आधीच लागलेला असतो. वर्गशिक्षिकेनं ठरवलेलं असतं की पित्त झालंय. खेळाच्या सरांच्या मते पाय नुसता मुरगळलाय. कार्यालयातून पालकांना फोनही गेलेला असतो. आणि आमच्यासाठी निरोप असतो, "सिस्टर, एक गोळी द्या आणि लगेच परत पाठवा, पेपर चालू आहे."

शिक्षकांबद्दल माझ्या मनात आकस नाही. भरलेला वर्ग सांभाळताना होणारी त्यांची ओढाताण मी रोज बघते, मुलांवरची मायाही बघते. पण माया आहे म्हणून औषधाचा हिशेब बदलत नाही.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचंच घ्या. शेवटचा तास आहे. मुलगा चिडचिड करतोय, सांगितलेलं ऐकत नाहीये. वहीतलं अक्षर एकाएकी वेडंवाकडं यायला लागलंय, कपाळावर घाम आहे. बघणाऱ्याला वाटतं, आज हा उद्धटपणा करतोय. प्रत्यक्षात त्याची रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरलेली असते. अशा वेळी लगेच रक्तात उतरेल अशी साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळाचा रस, आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा लागू पडते. आता एखाद्या बाई म्हणतात, "तुला मधुमेह आहे ना? मग गोड कसं खातोस?" आणि गोळ्यांची डबी काढून घेतात. एखादे सर म्हणतात, "जा, सिस्टरकडे जाऊन ये," आणि त्याला एकट्याला जिन्यानं पाठवतात. हेतू दोघांचाही चांगला, पण मूल वाटेतच कोसळू शकतं. अशा मुलाला एकटं सोडायचंच नसतं. साखर द्यायची ती तो बसलाय तिथेच, आणि माझ्यापर्यंत निरोप दुसऱ्यानं आणायचा.

दम्याचा पंप कपाटात कुलूपबंद ठेवणं हाही असाच प्रकार. किल्ली एकाकडे, तो माणूस मीटिंगमध्ये, आणि मुलाला सांगितलं जातं, "पाणी पी, शांत बस, काही होत नाही." एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. छातीतली घरघर थांबली म्हणजे मूल सुधारलंच, असं धरून चालू नका. हवा आतबाहेर जाणंच इतकं कमी झालेलं असू शकतं की आवाज उमटत नाही. नर्स मुलाच्या मानेकडे, बरगड्यांमधल्या खळग्यांकडे बघते, मूल एका दमात वाक्य पुरं करतंय का ते बघते. लांबून बघून "आता बरा दिसतोय" म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

मैदानावर डोकं आपटलं तर शुद्ध हरपली नसली तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. तशी शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. सामना कितीही अटीतटीचा असो, तिथे घासाघीस नाही. गोळीचंही तेच. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, दोन डोसांमध्ये निदान ४ तास जावे लागतात, आणि सकाळी घरून निघताना आईनं एक दिलेली आहे का, हे पर्समधून गोळी काढून देणाऱ्या शिक्षिकेला माहीत नसतं. ॲस्पिरिन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना मुळीच देऊ नये.

अमेरिकेत शाळेत नर्स आली तीच मुळी परस्पर घरी पाठवण्यावर उपाय म्हणून. १९०२ साली न्यू यॉर्कमध्ये उवा, नायटा, डोळ्यांची खुपरी असं काही आढळलं की मुलांना सरसकट घरी धाडत. उपचार कुणीच करत नसे, आणि तीच मुलं रस्त्यावर वर्गमित्रांबरोबर खेळत बसत. तिथे गरीब वस्त्यांत घरोघरी शुश्रूषेचं काम उभं करणाऱ्या नर्स लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या नर्सला महिनाभराच्या प्रयोगासाठी शाळांमध्ये पाठवलं. रॉजर्स शाळेतच मलमपट्टी करत, घरी जाऊन आयांना समजावून सांगत. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,००० हून जास्त मुलांना घरी पाठवलं होतं, पुढच्या सप्टेंबरात तो आकडा १,१०० च्या आसपास आला. आज अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. तरीही एखाद्या मुलीला सगळ्या वर्गादेखत उठवून घरी पाठवलं जातं. त्या मुलीची मान किती खाली गेलेली असते, ते मी पाहिलेलं आहे.

शिक्षकांनी हात आखडते घ्यावेत असं माझं म्हणणं नाही. त्यांनी पाहिलेलं मला हवं असतं. फिट आली तर ती किती वाजता सुरू झाली, अंगाच्या कुठल्या बाजूला झटके येत होते, हे त्यांच्याशिवाय मला कोण सांगणार? त्यांनी जे पाहिलं ते मला जसंच्या तसं सांगावं, आजाराचं नाव आणि उपाय ठरवायचं माझ्यावर सोडावं.

मी नसेन तेव्हा मात्र कुणाचीही वाट बघू नका. एकाच नर्सकडे दोन-तीन शाळा असणं नवं नाही. फिट ५ मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका बोलवा. तीव्र ॲलर्जीत ओठ-जीभ सुजून श्वास अडकायला लागला आणि मुलासाठी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन ठेवलेलं असेल, तर शिकवल्याप्रमाणे ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, मगच फोन करा. ॲलर्जीची गोळी देऊन बघत बसू नका.

आणि पालकहो, तुमच्या मुलाला असा काही आजार असेल तर डॉक्टरांकडून एका पानावर लेखी सूचना घ्या. एक प्रत नर्सकडे द्या, एक वर्गशिक्षकांकडे, एक खेळाच्या सरांकडे. मुलाचा पंप कुठे असतो, त्याला कुलूप आहे का, नर्स नसेल त्या दिवशी तो कोण देणार आणि त्या माणसाला ते शिकवलंय का, हे शाळेत जाऊन विचारा. उत्तर देताना कुणी घुटमळलं, तर ते ठरेपर्यंत तिथून हलू नका.

नमस्कार.