मिथुन, तूळ आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

हार्ट अ‍ॅटॅकची शंका आली की डॉक्टर बहुतेक वेळा आधी अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला देतात. डोकेदुखीवरची ही जुनी, स्वस्त गोळी हृदयापर्यंत पोचली कशी, ते आज सांगते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की झटका येतो. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोन औषधं तपासायला घेतली. एक अ‍ॅस्पिरिन, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू न देणारं. दुसरं स्ट्रेप्टोकायनेज, झालेली गुठळी विरघळवणारं. १६ देशांतली ४१७ रुग्णालयं आणि १७,१८७ रुग्ण! चाचणीचं नाव आयसिस-२.

कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. का? डॉक्टरांनी निवड केली असती, तर नवं औषध कदाचित धडधाकट दिसणाऱ्यांनाच मिळालं असतं, आणि मग गुण औषधाचा की मुळातल्या तब्येतीचा, हे कसं कळणार? काहींना दोन्ही औषधं मिळाली, काहींना एकच, आणि काहींना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी आणि सलाईन.

१३ ऑगस्ट १९८८ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. एकही औषध न मिळालेल्या ४,३०० जणांपैकी पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी ५६८ जण दगावले. दोन्ही औषधं मिळालेल्या ४,२९२ जणांपैकी ३४३. हे आकडे मी कितीदा वाचले असतील, पण ते ५६८ वाचताना अजूनही थांबायला होतं. त्या माणसांमुळेच तर फरक मोजता आला.

पुढची गोष्ट मला फार आवडते. वय, मधुमेह, रक्तदाब अशा वेगवेगळ्या गटांत औषध किती चाललं, तेही दाखवा, असा आग्रह संपादकांनी धरला. संशोधकांना धोका दिसत होता. म्हणून त्यांनी एक गट मुद्दाम घातला, राशींचा! आपली चंद्ररास नव्हे, जन्मतारखेवरून काढतात ती. मिथुन आणि तुळेच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदाच दिसेना, बाकी राशींना भरपूर. अर्थात हा निव्वळ योगायोग. मोठ्या निकालाचे लहान तुकडे करत गेलं की असे योगायोग हमखास सापडतात. एखादं औषध अमक्याच वयाला लागू पडतं अशी बातमी आली, की मला या दोन राशी आठवतात.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट. ही चाचणी झटक्याची शंका असलेल्या रुग्णांवर झाली, धडधाकट माणसांवर नाही. अ‍ॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शेजारी घेतात म्हणून ती रोज घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दाटून आलं, घाम सुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणत बसू नका. १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध जितक्या लवकर मिळेल, तितका त्याचा उपयोग जास्त.

नमस्कार.