टवक्याखालचा काळा थर

(दृश्य: ड्वाइट, दिवेलागणीची वेळ. रस्त्यापलीकडून पंप.)

शिकागोहून नैऋत्येला साधारण १३० किलोमीटर. इलिनॉय राज्यातलं ड्वाइट गाव. गाडी थांबवली तेव्हा वाटलं, चुकून कुणाच्या तरी अंगणात शिरलो. उतरतं छप्पर, घरगुती खिडक्या, आणि पुढे ओटीवर काढावं तसं छत. पण हा पेट्रोल पंप आहे. १९३३ साली रूट ६६ या जुन्या महामार्गावर उभा राहिला आणि १९९९पर्यंत चालू होता. पुढच्या गावात, ओडेलला, असाच एक १९३२चा आहे. पंप भरवस्तीत येऊ लागले तेव्हा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू नयेत म्हणून त्यांना घराचं रूप द्यायची पद्धत पडली होती.

दिवसा ठीक. रात्री मात्र मैलभरावरून येणाऱ्या ड्रायव्हरला कळायला हवं, की हे घर नाही, इथे पेट्रोल मिळतं. ते काम दिव्यांचं. आपण बघणार आहोत ते हे दिवे.

(दृश्य: गॅरेज. फळीवर उपडे ठेवलेले दिवे. कॅमेरा सावकाश सरकतो.)

बाहेरून हिरवे, आतून पांढरे. उपड्या परड्यांसारखे दिसतात. हा रंग नाही, इनॅमल आहे. आजीच्या घरी निळ्या काठाचा पांढरा मग असायचा ना, तेच. पोलादी पत्र्यावर काचेची पूड चढवायची आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. काच वितळते आणि पत्र्याला कायमची धरून बसते. ऊन, पाऊस, बर्फ, धूर यातलं काही तिला बाधत नाही. वैरी एकच, दणका.

(दृश्य: काठावरचा टवका, अगदी जवळून.)

हा बघा टवका. गिऱ्हाईक याच्याकडे बोट दाखवून भाव पाडतं. हे जुने दिवे दुरुस्त करणारे आमचे हे गृहस्थ मात्र दिवा हातात आला की पहिल्यांदा टवकाच शोधतात. वर हिरवा, त्याखाली काळपट निळा थर, मग पत्रा आणि गंज. तो काळपट थर म्हणजे अस्तर. त्यात कोबाल्ट असतो आणि पत्र्याला घट्ट पकडतो तो हाच. साधा रंग लावलेल्या नकली दिव्यात हा थर सापडत नाही. रंगाचा पापुद्रा निघतो, इनॅमलचा कपचा उडतो. ही ओळख एकदा डोळ्यांत बसली की बाकीच्या खुणा नुसत्या दुजोऱ्यापुरत्या.

त्याही बघू. नाणं हलकेच वाजवायचं. चुंबक लावायचं, चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम. नवा दिवाही खऱ्या इनॅमलचा असू शकतो, म्हणून मग मानेकडे, म्हणजे पाइप जिथे बसतो तिकडे, वळायचं. तिथे कधी ठसा असतो. या दिव्यावर ‘बेंजामिन’ आहे. शिकागोजवळच्या डेस प्लेन्सची ही कंपनी. काहींवर ‘आर.एल.एम.’ ही अक्षरं सापडतात. त्याला कंपनीचं नाव समजू नका. रिफ्लेक्टर बनवणाऱ्यांनी मिळून ठरवलेल्या मापाची ती खूण आहे.

(दृश्य: दोन चिनी मातीचे होल्डर शेजारी शेजारी.)

आता होल्डर. अमेरिकेतले बल्ब आट्यांचे, आपल्याकडच्यासारखे दोन पिनांचे नव्हेत. नेहमीच्या बल्बचा आटा २६ मिलिमीटरचा. हा डावीकडचा ३९चा, त्याला ‘मोगल’ म्हणतात. घरात याचं काही काम नाही. ३०० वॅट आणि त्यापुढचे बल्ब यात बसायचे, म्हणजे हा दिवा मोठ्या जागेसाठीच घडवलेला. तोंड सरळ कापलेलं असेल तर उजेड खाली, जमिनीवर. तिरकं कापलेलं असेल तर एका अंगाला, पाटीवर. बगळ्याच्या मानेसारख्या वाकलेल्या पाइपावर हे दिवे पाटीच्या वर ओळीने झुकलेले असत.

(दृश्य: ओतीव लोखंडी दिवा, दोन्ही हातांत.)

आणि हे धूड. जाड काच, लोखंडी जाळी, उचलताना मनगट भरून येतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते, आणि ठिणगी मिळाली की भडका. म्हणून वाफ साचेल अशा जागी हा दिवा. लोकांना वाटतं तो हवाबंद आहे. तसं नाही. वाफ आत जाणार हे गृहीत धरलेलं आहे, आत स्फोट होणार हेसुद्धा. तो आतल्या आत सोसायला एवढं लोखंड. आणि हे लांबलचक आटे बघा. पेटलेला वायू यांच्यातून वाट काढत बाहेर येईपर्यंत इतका निवतो, की बाहेरची वाफ त्याने पेटत नाही. सबंध चित्रीकरणात मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. दिसायला कुरूप आहे, हे मान्य.

(दृश्य: फळीवरून परत.)

भावाचं म्हणाल तर हिरवा सगळ्यात जास्त सापडतो, म्हणून स्वस्त. गडद निळा, लाल दुर्मीळ. १८-२० इंची असेल, आतला पांढरा शाबूत असेल, मूळ पाइप सोबत असेल तर किंमत चढते. जोडी जुळली तर आणखी. मान कापलेली असेल तर विषय संपला. तो कोपऱ्यातला दुधी काचेचा मुकुट पंपाच्या डोक्यावरचा, स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचा. त्याचा बाजारच वेगळा.

(दृश्य: बादली, स्पंज, फेस.)

आता धुणं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ स्पंज. चाळीस-पन्नास वर्षांचं काजळ दुसऱ्या पाण्याला सुटतं आणि खालून हे असं हिरवं निघतं.

(सहा सेकंद निवेदन नाही. पाण्याचा आवाज.)

गंजाच्या ओघळांना पातळ ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, आणि मग भरपूर पाणी. मानेचे आटे जाम झालेले असतात. तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पान्हा लावायचा. घाई केली की पाइप वाचतो, मान तुटते. पोचा असेल तर तो तसाच ठेवायचा. हातोडी मारून पत्रा सरळ होईल, पण काच उडून जाईल. शेवटी मेणाचा एक हात.

यात रेतीचा फवारा कुठे नाही. पावडर कोटिंग नाही. तसं करून चकचकीत केलेले दिवे बाजारात भरपूर आहेत आणि ते विकलेही जातात. पण फवाऱ्याने काचेची चमक जाते आणि ती परत आणायला पुन्हा ८०० अंशांची भट्टीच लागते. पावडरखाली तो काळपट थरही बुजतो, म्हणजे दिव्याची ओळखच पुसली. टवक्यावर फार तर वार्निशचा एक ठिपका, गंज पुढे सरकू नये म्हणून. माझं मत विचाराल तर एवढंच करावं.

जुन्या वायरीच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं, इनॅमलमध्ये शिसं. कोरडं घासू नका. आणि हे दिवे इथवर आले कसे? अमेरिकेत पेट्रोलच्या जमिनीखालच्या टाक्या सुधारायची सरकारी मुदत डिसेंबर १९९८मध्ये संपली, अनेक छोटे पंप तो खर्च झेपेना म्हणून बंद पडले आणि त्यांचे दिवे असे फळ्यांवर आले.

(दृश्य: नवी वायर मानेतून ओवली जाते.)

नवी वायर, अर्थिंगचा स्क्रू. होल्डर मूळचाच, त्यात आटा लहान करणारा जोड आणि १५ वॅटचा एलईडी. हा दिवा आता पंपावर जाणार नाही, एका बेकरीच्या दारावर लागणार आहे. शिडीवरून आमच्या गृहस्थांनी खाली विचारलं, टवक्याची बाजू भिंतीकडे करू की रस्त्याकडे? बेकरीवाल्या बाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या, दोन पावलं मागे सरकल्या, आणि म्हणाल्या, आधी लावून तर बघा.

(दृश्य: स्विच. दिवा लागतो. रस्ता. निवेदन नाही.)