व्हॉल्व्ह काढण्याआधी

मंडळी, टेबलावर उलटा ठेवलेला हा चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, पाच व्हॉल्व्हच्या साध्या घरगुती रेडिओचा आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या या बंद नळ्या, मी काढून रुमालावर ओळीनं मांडलेत. मागे बसलेल्यांनी नंतर पुढे येऊन बघा. हातात घ्यायला हरकत नाही, फक्त काच अंगठ्यानं चोळू नका. वरचा नंबर पुसायला वेळ लागत नाही. पुसलाच, तर चष्मा पुसताना सोडतो तशी तोंडाची वाफ काचेवर सोडायची. वाफेत नंबर क्षणभर उमटतो, तेवढ्यात वाचून घ्यायचा.

नंबर वाचता येणं महत्त्वाचं, कारण त्यातच बरंच काही लिहिलेलं असतं. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० या सगळ्यांत पहिलं अक्षर ई. म्हणजे हीटरला, आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट. एल म्हणजे स्पीकर हलवणारा आउटपुट पेंटोड, झेड म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, एम म्हणजे मॅजिक आय, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. पहिलं अक्षर यू असेल, यूएल ८४, यूवाय ८५ असं काही, तर हात आखडता घ्या. त्या सेटमध्ये सगळे हीटर एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि मेन ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच. मेनची एक वायर सरळ चॅसीला. प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यात करंट. असा सेट मेनपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडायचा नाही, कितीही अनुभव असला तरी.

आता मुद्द्यावर येतो. जुना रेडिओ बिघडला की पहिला आळ येतो व्हॉल्व्हवर. तो दिसतो, तापतो, उपसून काढता येतो, म्हणून. मीही तेच केलं होतं. कॉलेजात असताना घरचा रेडिओ लावल्यावर अर्धा तास छान चालायचा, मग आवाज फाटायचा, घुसमटायचा. मी ईएल ८४ काढला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा आणून घातला. आठ दिवस घरात आनंद. दोन महिन्यांत पुन्हा तेच. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. शेवटी सेट काखेत मारून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी काहीही उपसलं नाही. सेट वीस मिनिटं तापू दिला आणि मीटरची पिन ईएल ८४च्या दोन नंबरच्या पायावर टेकवली. "ग्रिडवर नऊ व्होल्ट आहेत बाळा. व्हॉल्व्ह बिचारा काय करील?"

हे नऊ व्होल्ट म्हणजे काय, ते नीट सांगतो. ईएल ८४मध्ये तापलेल्या कॅथोडपासून अ‍ॅनोडच्या पत्र्याकडे इलेक्ट्रॉन वाहतात, आणि मधल्या जाळीचा ग्रिड हा त्यांच्यावरचा पहारेकरी असतो. त्याचा व्होल्टेज चॅसीच्या मानानं शून्य राहिला पाहिजे. कॅथोड मात्र सुमारे सात व्होल्ट वर असतो. म्हणजे कॅथोडच्या दृष्टीनं ग्रिड सात व्होल्ट खाली, आणि त्या धाकामुळे करंट मापात राहतो, अ‍ॅनोडला २५० व्होल्ट असताना साधारण ४८ मिलिअँपिअर. गुणाकार करा, बारा वॅट होतात. या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडची मर्यादाही बाराच वॅट. म्हणजे तो आधीच काठावर चालतोय. त्याच्या ग्रिडला आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाज आणून देणारा जो कपलिंग कंडेन्सर असतो, तो त्या काळात कागदाचा, वर मेण ओतलेला. पन्नास-साठ वर्षांत कागदात ओल शिरते आणि पलीकडचे डीसी व्होल्ट झिरपायला लागतात. पहारेकऱ्यानंच दार उघडं टाकलं की करंट भलताच वाढतो, आणि काळोखात पाहिलं तर अ‍ॅनोडचा पत्रा मधोमध लालसर दिसतो. मी आणलेले दोन्ही नवे व्हॉल्व्ह असे भाजून गेले होते.

म्हणून ही एक चाचणी सगळ्यांनी शिकून घ्या. तापलेल्या सेटवर ग्रिडचा व्होल्टेज मोजा. पॉझिटिव्ह दिसला, तर सेट बंद करून ईएल ८४ काढा, सेट पुन्हा लावा आणि सॉकेटच्या त्याच पायावर मोजा. झटपट मोजा, कारण आउटपुट व्हॉल्व्ह नसला की बाकी सेटवरचा दाब वाढतो. व्होल्ट अजूनही आहेत? कंडेन्सर गळतोय. व्होल्ट गेले? मग दोष खरंच व्हॉल्व्हचा: आत वायू झालाय, नाहीतर ग्रिडच तापून इलेक्ट्रॉन सोडतोय. माझ्या सेटचे नऊ व्होल्ट जसेच्या तसे राहिले. कंडेन्सर बदलला, आणि मी पहिल्यांदा काढून टाकलेला मूळचा व्हॉल्व्ह मेकॅनिककाकांनी परत बसवला. त्याच्या कॅथोडवर सहा व्होल्टच्या वर मिळाले. तो त्यानंतर अनेक वर्षं वाजला.

व्हॉल्व्ह म्हातारा होतो, हे खरंच आहे. कॅथोडच्या निकेलच्या नळीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. सातशे-आठशे अंशांना तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तो लेप हळूहळू थकतो. मग सेट गरम व्हायला जास्त वेळ लागतो, आवाज मोठा केला की चिरकतो, आणि एचटी, म्हणजे अ‍ॅनोडला पुरवला जाणारा मोठा व्होल्टेज, व्यवस्थित असूनही कॅथोडवर सातच्या जागी तीन-चार व्होल्टच मिळतात. पण तेव्हाही आधी कॅथोडचा रेझिस्टन्स आणि स्क्रीनचा, म्हणजे ग्रिड आणि अ‍ॅनोडमधल्या दुसऱ्या जाळीचा, व्होल्टेज मोजा. थकवा अचानक येत नाही. काल ठणठणीत वाजणारा सेट आज मुका झाला, तर व्हॉल्व्ह म्हातारा झाला म्हणू नका, दुसरं काहीतरी तुटलंय. कोकणातल्या सेटमध्ये मला बऱ्याचदा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार हिरवी पडून तुटलेली सापडते. अशा वेळी अ‍ॅनोडला काहीच मिळत नाही आणि सगळा भार स्क्रीनवर येतो. आतली जाळी निखाऱ्यासारखी लाल दिसली, तर ताबडतोब बंद करा.

काचेच्या वरच्या बाजूला हा आरशासारखा चकचकीत डाग दिसतोय? आत उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी उडवलेला तो बेरियमचा थर आहे. तो दुधासारखा पांढरा झाला, की काचेला चीर गेली आणि हवा आत शिरली. तो व्हॉल्व्ह गेला. निळी झाक मात्र दोन प्रकारची असते. काचेच्या आतल्या अंगावर नाचणारा निळा उजेड निरुपद्रवी. पण पत्र्यांच्या मधल्या जागेत जांभळट धुकं साचलं, तर तो वायू.

हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी घूंऽऽ अशी घरघर, आली तर आधी आवाज पूर्ण कमी करा. तरीही राहिली तर बिघाड व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे. मग कान द्या. फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर सुकला असेल, तर १०० हर्ट्झची घरघर येते. हीटर आणि कॅथोडमधलं इन्सुलेशन खचलं असेल, तर ५० हर्ट्झची, जास्त जाड आणि खोल. दोन्ही एकदा शेजारी शेजारी ऐकलीत की पुढे कधी चुकणार नाही.

खरखरीसाठी पेन्सिलीचं रबर लावलेलं टोक घ्या आणि चालू सेटमध्ये एकेका व्हॉल्व्हवर अलगद टकटक करा. घंटेसारखा नाद घुमला, तर आतले भाग सैल झालेत. नुसती चरचर झाली, तर दोष बहुतेक वेळा सॉकेटचा. आपल्या पावसाळ्यात पायांवर काळपट थर चढतो. सेट बंद करून, कंडेन्सरमधला चार्ज रेझिस्टन्समधून उतरवून, व्हॉल्व्ह चार वेळा सरळ वर-खाली केला तरी पुष्कळदा भागतं. हलवून, वाकवून काढू नका. पायांच्या मुळाशीच काच तडकते.

आणखी एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. मागच्या बाजूला व्होल्टेजची पट्टी असते. अनेक घरांत ती अजून २२० वर आहे, आणि रात्री मेन २४० च्याही वर जातो. हीटर रोज जास्त तापतो आणि कॅथोडचं आयुष्य उगाच झिजतं. पट्टी २४० किंवा २५० वर सरकवा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा लावताना मात्र सिरीज बोर्डवर, ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घालूनच लावा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे.

मी इतका जीव का टाकतो, तर ईएल ८४ आणि ईसीसी ८३ अजून नवे बनतात, स्लोव्हाकियात, रशियात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांची कृपा. पण ईसीएच ८१ किंवा ईबीएफ ८९ आता कोणी बनवत नाही. ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना होता, बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत होते. त्या काळातला जो माल कपाटांत आणि जुन्या बाजारांत शिल्लक आहे, तेवढाच. चांगला असताना कचऱ्यात टाकलेला प्रत्येक ईसीएच ८१ त्यातून कायमचा वजा होतो.

आता कोणीतरी मॅजिक आयबद्दल विचारलंत. स्टेशन नीट लागलं की हिरवा पट्टा मिटतो, तोच ना. तो फिका पडला, तर त्याच्या टार्गेटचा, म्हणजे हिरवा उजेड जिथे दिसतो त्या भागाचा, व्होल्टेज आणि अ‍ॅनोडचा रेझिस्टन्स तेवढा तपासा. हा रेझिस्टन्स अनेकदा व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्येच लपलेला असतो आणि वाढून बसतो. ते ठीक असेल, तर आतला फॉस्फर, म्हणजे उजेड देणारा लेप, झिजला आहे, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. ईएम ८४ मिळतो, पण महाग, आणि पेटता ठेवला की तोही झिजणारच. माझ्या घरच्या सेटमध्ये मी फिका डोळा तसाच ठेवलाय. संध्याकाळी दिवे मालवले की दिसतो.